बॅज खुंटीवर, माणूस साइटवर

रायगड जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र थोडं आटोपशीर करून देते.

"मॅडम, नमस्कार. माझे मिस्टर एनडीटीच्या, म्हणजे वस्तू न तोडता तिची तपासणी करायच्या, कामाला आहेत. पाइपलाइनच्या वेल्डिंगचे जॉइंट तपासायला रात्रीचे जातात, त्याला ते आर.टी. म्हणतात. आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि माझ्या अंगावर पितं. सासूबाई म्हणतात, त्याच्या अंगातून रेडिएशन येतं, बाळाला त्याच्याजवळ द्यायचं नाही. त्यांचे कपडेही मी वेगळ्या बादलीत धुते. हे काही बोलत नाहीत, पण त्यांना वाईट वाटतं ते मला दिसतं. दुसरी गोष्ट, त्यांना कंपनीतून छातीला लावायचा बॅज दिलाय. तो कायम घरी खुंटीवर असतो. विचारलं तर म्हणतात, 'बॅजमध्ये जास्त आलं की साइटवरून काढतात, सगळेच असं करतात.' आमच्या बचत गटातून कर्ज काढून त्यांना शिशाचा ॲप्रन घेऊन द्यावा असं माझ्या मनात आहे. चांगला मिळतो का? आणखी एक. माझे धाकटे दीर सतरा वर्षांचे आहेत. कॉलेज बंद करून तेही अधूनमधून ह्यांच्याबरोबर हेल्पर म्हणून जातात. आम्हाला पुढे अजून एक मूल हवंय. त्याला काही होणार नाही ना? मी कोणाला विचारू?"

ताई,

आधी बाळाचं, कारण त्यात एक दिवसही घालवण्यासारखा नाही. हे वाचून झालं की बाळाला त्याच्या बाबांच्या मांडीवर द्या. रात्रपाळीहून आल्यावर इतर कुणीही जसे हातपाय धुतो तेवढे त्यांनी धुवावेत, बास. त्यांच्या अंगातून, घामातून, श्वासातून, कपड्यांतून कसलेही किरण येत नाहीत. कपडे एकाच बादलीत भिजवा. तुमच्या दुधावर याचा काहीही परिणाम नाही.

असं का, तेही सांगते, म्हणजे सासूबाईंना सांगता येईल. आर.टी. म्हणजे रेडिओग्राफी, जॉइंटमधून किरण पाठवून फिल्मवर त्याचं चित्र घेणं. ते किरण ज्या पेटीतून सोडतात तिला कॅमेरा म्हणतात. तुमच्या यजमानांच्या कॅमेऱ्यात जो 'सोर्स', म्हणजे किरण सोडणारा तुकडा, असतो तो बहुतेक वेळा इरिडियम-१९२ नावाच्या धातूच्या बारीक चकत्यांचा असतो. त्या चकत्या स्टीलच्या छोट्या कुपीत वेल्ड करून बंद केलेल्या असतात. कुपीतून गॅमा किरण बाहेर पडतात, इरिडियम बाहेर पडत नाही. किरण माणसाच्या शरीरातून आरपार जातात. जाताना पेशींना इजा करू शकतात, ही गोष्ट खरी आहे आणि तिच्याबद्दल मी पुढे बरंच बोलणार आहे. पण ते अंगात साठत नाहीत. उन्हात वाळत घातलेले कपडे संध्याकाळी घरात आणले की ते काही ऊन फेकत बसत नाहीत, तसंच हे. सोर्स कॅमेऱ्यात परत गेला, कॅमेऱ्याला कुलूप लागलं, की त्या क्षणापासून तुमचे यजमान आणि मी यांच्यात या बाबतीत काही फरक नाही.

सासूबाईंना मात्र रागावू नका. त्यांनी जे ऐकलंय ते कुठून तरी आलेलं आहे. थायरॉइडच्या कर्करोगावर रेडिओआयोडीनचं औषध दिलेल्या रुग्णाला डॉक्टर काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतात. तिथे किरणोत्सर्गी पदार्थच पोटात गेलेला असतो, तो घामातून, लघवीतून बाहेर येतो, म्हणून कपडेही वेगळे धुवायचे असतात. तो नियम त्या आजाऱ्यासाठी आहे. तुमच्या यजमानांचा धोका बाहेरून येणाऱ्या किरणांचा आहे, आणि बाहेरून येणारा किरण साइटवरच संपतो.

याला अपवाद एकच. सोर्स स्वतःच घरी आला तर. असं घडलेलं आहे म्हणूनच सांगते. २० फेब्रुवारी १९९९ रोजी पेरू देशात यानांगो इथल्या जलविद्युत प्रकल्पावर एका वेल्डरला जमिनीवर एक छोटी धातूची वस्तू सापडली. त्याने ती उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकली आणि काम करत राहिला. तो कॅमेऱ्यातून सुटलेला इरिडियमचा सोर्स होता. संध्याकाळी तो तसाच घरी गेला. त्याची बायको बाळाला पाजताना काही मिनिटं त्या पँटवर बसली होती, तिच्याही पाठीच्या खालच्या भागावर कातडी लाल झाली. वेल्डरचा जीव वाचला, पण उजवा पाय कापावा लागला. त्याआधी १९८४ मध्ये मोरोक्कोत मोहम्मदिया इथे असाच सोर्स एका माणसाने उचलून घरी नेला आणि आठ माणसं दगावली.

हे वाचून घाबरू नका, पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या दोन्ही ठिकाणी सोर्स सुटला होता आणि तो सुटलाय हे कुणाला वेळेत कळलं नाही. कळायला हवं होतं सर्व्हे मीटरने, म्हणजे किरण मोजणाऱ्या हातातल्या यंत्राने. शॉट, म्हणजे जॉइंटचं एक चित्र, झाल्यावर मीटर हातात धरून कॅमेऱ्याजवळ गेलं असतं तर तिथल्या तिथे लक्षात आलं असतं की सोर्स आत आलेला नाही. यजमानांना आज एकच प्रश्न विचारणार असाल तर तो हा विचारा: "प्रत्येक शॉटनंतर मीटर घेऊन जवळ जाता का, की नुसतेच जाता?" ॲप्रन, बॅज, कपडे सगळं त्याच्यानंतर.

कामाचं थोडं समजून घेऊ, कारण आकडे डोळ्यांपुढे नसले की माणूस नको तिथे घाबरतो आणि हवं तिथे बिनधास्त राहतो. कॅमेऱ्याच्या आत सोर्सभोवती जड धातूचं जाड आवरण असतं, बहुधा डिप्लिटेड युरेनियमचं. शॉट घ्यायचा म्हणजे लांबून क्रँक फिरवून सोर्स त्या आवरणातून बाहेर काढायचा, गाइड ट्यूबमधून जॉइंटपर्यंत न्यायचा, फिल्मवर चित्र उमटेपर्यंत तिथे ठेवायचा आणि उलटा क्रँक फिरवून परत आत घ्यायचा. सोर्स बाहेर असतो तेवढीच मिनिटं धोक्याची.

आता समजा सोर्स २० क्युरीचा आहे. क्युरी हे सोर्सच्या जोराचं माप. तो उघडा असताना त्याच्यापासून एक मीटरवर माणूस उभा राहिला तर ढोबळ हिशोबाने तासाला १०० मिलिसीव्हर्ट इतका मारा बसतो. मिलिसीव्हर्ट हे अंगाला बसलेल्या किरणांचं माप. आपल्याकडे किरणोत्सर्गाचं काम करणाऱ्यासाठी मर्यादा आहे वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट, सलग पाच वर्षांत मिळून १००, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. म्हणजे पाच वर्षांचा सगळा वाटा एका तासात संपला. तोच माणूस दहा मीटरवर गेला तर तासाला १ मिलिसीव्हर्ट. अंतर दहापट, मारा शंभरपट कमी. शंभर मीटरवर तो आणखी शंभरपट कमी होतो. सर्वसामान्य माणसासाठी, म्हणजे तुम्ही, बाळ, शेजारच्या शेतावर झोपलेला राखणदार, मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्टची आहे. म्हणूनच दोरी बांधायची, दिवे लावायचे, पाट्या लावायच्या, आणि आत कुणी आलं नाही ना हे बघायला माणूस ठेवायचा. रात्रीचं काम यासाठीच असतं, साइट रिकामी असते म्हणून.

उलट दिशेनेही हिशोब करून बघा. एक मीटरऐवजी एक सेंटिमीटर अंतर धरलं तर मारा दहा हजारपट होतो. अडकलेला सोर्स हाताने ढकलायला किंवा गाइड ट्यूब बोटांत धरून हलवायला गेलेल्या रेडिओग्राफरची बोटं अशीच जळतात. दहा सेकंदांत बोटांना दोन-तीन सीव्हर्ट, म्हणजे दोन-तीन हजार मिलिसीव्हर्ट, बसू शकतात, आणि त्या वेळी काहीच जाणवत नाही. ना चटका, ना वास, ना आवाज. कातडी लाल व्हायला, फोड यायला पुढे काही दिवस, कधी आठवडे लागतात. मी या क्षेत्रात सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं आहे आणि सगळ्यात जास्त काळजी मला याच एका गोष्टीची वाटत आली: हुशार, हातात कसब असलेली पोरं, जॉइंट मोजून पैसे मिळतात म्हणून घाईत असलेली, आणि अंगाला काही जाणवत नाही म्हणून निर्धास्त झालेली.

त्यांच्या कामात जीव वाचवणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. क्रँकची केबल पूर्ण उलगडायची, अर्धी गुंडाळलेली ठेवून जवळून फिरवायची नाही. सोर्स बाहेर गेला की तिथेच उभं न राहता आणखी लांब किंवा एखाद्या भिंतीमागे, टाकीमागे जायचं. एक फूट काँक्रीट इरिडियमच्या शंभर किरणांतला एखाद-दुसराच पलीकडे जाऊ देतं, तेव्हा साइटवर जे जाड आणि जड उभं आहे त्याचा आडोसा घ्यायचा. सोर्सच्या तोंडाला टंगस्टनचा कॉलिमेटर लावायचा, म्हणजे किरण चहूकडे न उधळता जॉइंटकडेच जातात. वेळखाऊ आहे म्हणून तो गाडीतच ठेवणारे लोक मी पाहिलेत. फिल्म आणि खुणा आधीच नीट लावून ठेवायच्या, सोर्स बाहेर असताना काही सरकवायला जायचं नाही. आणि शॉट संपला की मीटर चालू करून, त्याच्याकडे बघत बघत पुढे जायचं, कॅमेऱ्याला आणि गाइड ट्यूबला टोकापर्यंत मीटर फिरवायचा, मगच कुलूप. मीटरची बॅटरी संपली असेल तर त्या रात्री काम नाही. हे वाक्य मी ठेकेदारांसमोर कितीदा बोलले असेन आणि दर वेळी कुणीतरी म्हणालं, "मॅडम, चारच जॉइंट राहिलेत."

सोर्स अडकला तर? तर मागे सरकायचं, दोरी आणखी लांब बांधायची, आरएसओला, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला फोन करायचा आणि थांबायचं. लांब दांड्याचे चिमटे आणि शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या घेऊन प्रशिक्षित माणसाने, मोजूनमापून ते काम करायचं असतं. रात्रीचे तीन वाजलेत, सकाळी फिल्म द्यायच्यात, म्हणून कुणी पाना घेऊन पुढे जायचं नाही.

ॲप्रनसाठी कर्ज काढू नका. तुमच्या मनातली माया मला कळते, पण तो पैसा वाया जाईल. रुग्णालयात एक्स-रे काढणारे घालतात त्या ॲप्रनमध्ये शिसं अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतं. एक्स-रेचे किरण त्या मानाने दुबळे, ते बहुतेक त्यात अडतात. इरिडियमचे गॅमा किरण निम्म्यावर आणायलाच साधारण पाच-सहा मिलिमीटर शिसं लागतं. म्हणजे तो ॲप्रन घालून तुमचे यजमान सोर्ससमोर उभे राहिले तर शंभरातले पाच-सहा किरण अडतील, बाकीचे सरळ आत. शिवाय ॲप्रन अंगावर आहे म्हणून माणूस दोन पावलं जास्त पुढे जातो आणि वजनामुळे हालचाल मंदावते. चार पावलं मागे जायला पैसे पडत नाहीत, आणि त्याचा उपयोग ॲप्रनपेक्षा कितीतरी जास्त होतो. दूध पिऊन, गूळ खाऊन, केळी खाऊन किरणोत्सर्ग 'उतरतो' असंही कुणी सांगेल. पोषणासाठी जरूर खा. किरणांपासून त्याने संरक्षण होत नाही.

आता बॅजचं बोलू. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारं वाक्य तेच आहे.

त्या बॅजला टीएलडी म्हणतात. आत कॅल्शियम सल्फेटच्या, त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या तीन लहान चकत्या असतात. किरण पडले की ती चकती त्यांची ऊर्जा धरून ठेवते आणि प्रयोगशाळेत तापवली की तेवढ्या प्रमाणात प्रकाश देते. त्या प्रकाशावरून कळतं की हा बॅज घालणाऱ्या माणसाच्या अंगावर या काळात किती किरण पडले. साधारण तीन महिन्यांनी बॅज बदलून जातो. तो किरण अडवत नाही, धोक्याच्या वेळी वाजतही नाही. लगेच कळण्यासाठी खिशातला डोसिमीटर आणि मीटर असतात. बॅज फक्त लिहून ठेवतो. पण जे लिहितो ते कायमचं. प्रत्येक कामगाराला मिळालेला टीएलडी क्रमांक देशभरात त्याचा एकट्याचा असतो, नोकरी बदलली, ठेकेदार बदलला तरी तोच राहतो, आणि त्याचे सगळे आकडे भाभा अणुसंशोधन केंद्राकडच्या राष्ट्रीय नोंदवहीत जमा होतात.

तुमच्या घरच्या खुंटीवर लटकलेला बॅज काय लिहितोय? तुमच्या घरातला नैसर्गिक किरणोत्सर्ग. जगात कुठेही माणूस राहिला तरी जमिनीतून, आकाशातून, हवेतून त्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच, तेवढ्याचा काही भाग. म्हणजे सरकारी नोंदीप्रमाणे तुमचे यजमान रात्रभर साइटवर नसतात, घरी झोपलेले असतात.

उद्या काही झालं तर? देव न करो, पण बोटं लाल झाली, फोड आले, तर डॉक्टर विचारतील की किती डोस, म्हणजे किरणांचा किती मारा, बसला. बॅज म्हणेल शून्य. तेव्हा रक्त तपासावं लागतं. पांढऱ्या पेशींतली गुणसूत्रं तुटून वेडीवाकडी जोडली गेलीत का ते मोजून अंदाज काढतात. तो अंदाज निघतो, पण वेळ लागतो आणि लहान डोस त्यात दिसत नाहीत. वीस वर्षांनी एखादा आजार झाला आणि तो कामामुळे झाला असं म्हणायची वेळ आली, तर? आयनीकारक किरणोत्सर्गामुळे होणारे आजार आपल्याकडच्या कामगार भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. पण कागदावर सगळीकडे शून्य लिहिलेलं असेल तर तो कागद कुणाच्या बाजूने बोलेल? ठेकेदाराच्या. तुमच्या यजमानांनी स्वतःच्या हाताने, तीन-तीन महिन्यांनी, स्वतःविरुद्धचा पुरावा तयार करून ठेवलेला असेल.

'साइटवरून काढतात' या भीतीला मी हलकं मानत नाही. घरात बाळ आहे, पगार रोजावर आहे, बसून खाणं परवडत नाही. पण बॅजमध्ये जास्त आकडा आला की काय व्हायला हवं ते बघा. चौकशी होते, कुठल्या कामात कसा जास्त डोस बसला ते शोधतात, आणि मर्यादा ओलांडली असेल तर त्या माणसाला काही काळ किरणोत्सर्गाचं काम न देता दुसरं देतात. एनडीटीत दुसरं काम आहे. अल्ट्रासोनिक आहे, डाय टेस्ट आहे, फिल्म धुणं, वाचणं, रिपोर्ट लिहिणं आहे. काही ठेकेदार हे करत नाहीत, सरळ घरी बसवतात, आणि हा अन्याय आहे हे मी स्पष्टपणे म्हणते. पण त्यावरचा उपाय बॅज लपवणं हा नाही. बॅज लपवल्याने डोस कमी झालेला नाही, फक्त तो दिसेनासा झालाय. आणि दिसत नाही म्हणून कुणी कॉलिमेटर मागत नाही, दुसरा रेडिओग्राफर मागत नाही, रात्रीचे जॉइंट कमी करत नाही. सगळ्यांचेच बॅज घरी असतील तर त्या कंपनीच्या नोंदी बघणाऱ्याला वाटणार की इथे सगळं उत्तम चाललंय.

आणखी एक सांगते, हे त्यांना नक्की सांगा. वर लिहिलेल्या पद्धतीने काम केलं, तर आर.टी.चं काम करणाऱ्याचा डोस मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतो. बॅज घालून तीन महिन्यांनी आकडा बघितला आणि तो लहान निघाला, तर तुम्हा दोघांची झोप शांत होईल. तो मोठा निघाला, तर ते आत्ताच कळायला हवं, अजून काही बिघडलेलं नसताना. बॅज छातीवर, सोर्सच्या बाजूला तोंड करून. धुण्याच्या खिशात राहू देऊ नका, उन्हात टाकू नका. काम संपल्यावर कंपनीत ठरवलेल्या जागी, सोर्सपासून लांब ठेवायचा. घरी आणायचाच नाही.

त्यांच्याशी बोलायचं कसं, हेही तुम्ही विचारलेलं नसताना सांगते, कारण ते अवघड आहे. रात्रीहून दमून आलेल्या माणसाला दारातच विचारू नका. झोप होऊ द्या. रात्री जागणाऱ्याची दिवसाची झोप मोडली तर पुढच्या रात्री त्याचं लक्ष उडतं, आणि या कामात लक्ष उडणं परवडत नाही. छोट्या घरात रडतं बाळ असताना हे किती कठीण असतं ते मला माहीत आहे. सासूबाई बाळाला घेऊन दुपारी शेजारी बसल्या तर त्यांचीही तुमच्या कामात मदत होईल. मग निवांतपणे म्हणा, "तुमचा डोसचा कागद मला बघायचाय." २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार कामगाराने मागितली तर त्याची डोसची नोंद त्याला द्यावी लागते, नोकरी सोडतानाही द्यावी लागते. कामावर घेताना आणि पुढे निदान तीन वर्षांतून एकदा वैद्यकीय तपासणीही मालकानेच करून द्यायची असते. हे उपकार नाहीत. कागद हातात आला की आकडा कितीही असो, बोलायला जागा मिळते.

कंपनीत मीटर नाही, किंवा आहे तो बंद आहे, किंवा बॅज घालू नका असं वरूनच सांगितलं जातं, असं निघालं तर आधी आरएसओकडे जायचं. आर.टी. करणाऱ्या प्रत्येक कंपनीला तो ठेवावाच लागतो आणि त्याचं नाव परवान्याच्या कागदपत्रांत असतं. त्याने कानाडोळा केला तर अणुऊर्जा नियामक परिषद आहे, मुंबईत अणुशक्तीनगरला, नियामक भवनात. १९८३ साली ती स्थापन झाली ती याच कामासाठी. कॅमेरा वापरायचा परवाना तीच देते, न सांगता तपासणीला येऊ शकते आणि परवाना थांबवूही शकते. तक्रार एकट्याने करायला भीती वाटत असेल तर दोघातिघांनी मिळून करा. पत्रात तारीख, जागा, कॅमेऱ्याचा क्रमांक आणि काय नव्हतं ते साधं लिहा. रागाचे शब्द नकोत.

पुढच्या मुलाबद्दल. हिरोशिमा आणि नागासाकीच्या स्फोटांतून वाचलेल्या माणसांच्या, नंतर जन्मलेल्या हजारो मुलांचा अनेक दशकं अभ्यास झाला आहे. आईबापांना बसलेल्या किरणांमुळे त्या मुलांमध्ये जन्मजात व्यंग वाढल्याचं त्यात आढळलेलं नाही. पुरुषाच्या बाबतीत एकाच वेळी दीडशे मिलिसीव्हर्टच्या आसपास डोस त्या भागाला बसला तर शुक्राणूंची संख्या काही काळ कमी होते, नंतर भरून येते. कायमचं वंध्यत्व यायला याच्या वीसपटींहून जास्त लागतं. नीट काम करणारा माणूस या आकड्यांच्या जवळपासही जात नाही. मूल हवं असेल तेव्हा निःशंक विचार करा. कर्करोगाचा धोका मात्र डोसबरोबर थोडा थोडा वाढतो असं धरूनच सगळ्या मर्यादा ठरवल्या आहेत. १०० मिलिसीव्हर्टमागे आयुष्यभरात साधारण अर्धा टक्का, असा तो अंदाज आहे. म्हणून मर्यादेच्या आत आहोत एवढ्यावर थांबायचं नसतं. जमेल तितका डोस कमी ठेवायचा असतो.

राहिले दीर. यात मला काही मधला मार्ग दिसत नाही. अठरा वर्षं पूर्ण नसलेल्या मुलाला किरणोत्सर्गाच्या कामावर घ्यायला नियमाने बंदी आहे. त्याच्या नावाचा बॅज नाही, प्रशिक्षण नाही, दोरीच्या आत कुठे उभं राहायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि भाऊ जवळ आहे म्हणून तो जवळच उभा राहणार. आजच्या रात्रीपासून त्याला जाऊ देऊ नका. यजमान ऐकले नाहीत तर सासूबाईंना सांगा. नातवाची त्यांना एवढी काळजी आहे, तर धाकट्या मुलाच्या बाबतीत त्या नक्की तुमच्या बाजूने उभ्या राहतील, आणि या वेळी त्यांची भीती बरोबर जागी असेल. त्याला हे काम खरोखर आवडत असेल तर आधी कॉलेज किंवा आयटीआय पुरं करू द्या. अठरा पूर्ण झाल्यावर रेडिओग्राफी लेव्हल-१ चं प्रशिक्षण घेता येतं. त्यासाठी शिक्षणाची अट काय आहे, अर्ज कसा करायचा, हे यजमानांच्या कंपनीतला आरएसओ सांगेल. घरात पैसे हवेत म्हणून तो जात असेल, तर त्याच साइटवर वेल्डिंगची दिवसपाळी असते, पण तिथे मदतनीस म्हणूनही अठरा झाल्यावरच जायचं, आणि रात्री कॅमेरा निघायच्या आधी दोरीच्या बाहेर पडायचं.